चीफकाकांचे अध्यक्ष

सिंगापूरच्या पासिर रिस भागात आमच्या ब्लॉकमध्ये एखादं मराठी कुटुंब नव्यानं राहायला आलं, की चीफकाका पहिल्या वाक्यात गाव विचारत, दुसऱ्यात नळ गळतोय का ते विचारत, आणि तिसऱ्यात थेट अमेरिकेच्या एका माजी अध्यक्षांवर येत. मी दारात खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभी होते, केसांना धूळ लागलेली, आणि समोर इस्त्रीची अर्धी चड्डी घातलेले, खांद्यावर पंचा टाकलेले एक ठेंगणे गृहस्थ.

"तुम्ही साताऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्याच," ते म्हणाले. "नळ ठीक आहे ना? बरं, आपले अध्यक्ष खुर्चीवरून उतरल्यावर काय करत होते, ठाऊक आहे?"

मला वाटलं, इथेही पुण्यासारखी सोसायटी असणार आणि तिचे कोणी अध्यक्ष असणार. "नाही हो, आम्ही कालच आलोय," मी म्हणाले. त्यावर ते इतके हसले, की समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी बाहेर डोकावल्या.

त्यांचं नाव दत्तात्रय खाडे. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून उभा जन्म काढला, कंपनीचं ऑफिस सिंगापुरात म्हणून घर इथे केलं, आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. ब्लॉकमध्ये सगळे त्यांना चीफ म्हणत. आमच्यासारखे काहीजण त्याला 'काका' जोडत. इंजिनाच्या आवाजानं एक कान गेलेला, त्यामुळे त्यांचं कुठलंच बोलणं खासगी नसे. त्यांच्या घरी आज कारल्याची भाजी आहे हे चार मजले खालीही कळायचं. अध्यक्षांचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे ते नुसतंच 'आपले अध्यक्ष' म्हणत, आणि समोरच्यानं ओळखून घ्यावं अशी अपेक्षा असे.

त्यांची दुरुस्तीची रीत मी पहिल्याच महिन्यात पाहिली. माझं वॉशिंग मशीन कण्हायला लागलं होतं. काका आले ते एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. त्याचं टोक त्यांनी मशीनच्या अंगाला टेकवलं, मूठ चांगल्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मी काहीतरी विचारायला गेले तर हातानं गप्प केलं. बराच वेळ ते तसे उभे होते. मग डोळे उघडून म्हणाले, "याला काही झालेलं नाही. तू कपडे फार कोंबतेस." मला राग आला, कारण ते खरं होतं.

चीफकाकांचं गाव माण तालुक्यात. तिथे पाऊस येतो तो चहासुद्धा न घेता निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखा. असल्या कोरड्या गावातला मुलगा समुद्रावर कशाला गेला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाणी बघायला."

अध्यक्षांचं वेड कुठून आलं तेही त्या पाण्यातूनच कळलं. त्यांच्या लहानपणी गावात पायऱ्यांची विहीर होती आणि तिच्या पाण्यात नारू होता. थोरल्या आत्याच्या पोटरीतून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर आला होता. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, आणि तुटू द्यायचा नाही. आत्या ओट्यावर पाय पसरून बसे आणि शेजारी बसलेल्या दत्तूला म्हणे, काहीतरी सांग रे, तेवढंच माझं लक्ष तिकडे राहील.

"आपल्याकडचा नारू आपल्याच लोकांनी घालवला," काका सांगत. "पण आफ्रिकेत राहिला होता. आणि हा माणूस, अख्ख्या अमेरिकेचा अध्यक्ष झालेला, निवडणूक हरून घरी बसलेला, तो तिकडच्या खेड्यांत जाऊन नारूच्या मागे लागला. सुनीता, एवढ्या मोठ्या माणसाला आमच्या आत्याचा पाय दिसला."

हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. तेवढ्या एकाच वाक्याला यायचा.

बाकीची कारणं त्यांनी मागाहून गोळा केली असावीत. अध्यक्ष नौदलात यंत्रांचं शिकलेले, म्हणजे आपल्याच लाइनचे. घरची शेती शेंगदाण्याची, म्हणजे आपल्याच पिकाचे. अध्यक्षांच्या सरकारी घराच्या छपरावर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारी पाट्यांची यंत्रं बसवली होती, ती पुढच्याच्या काळात काढून टाकली गेली. यावर काका खूष. "जहाजावरही हेच. नवा चीफ आला की पहिलं काम काय, तर आधीच्यानं बसवलेलं उचकटायचं."

त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा अमेरिकेत असते. तिच्याकडे गेले असताना त्यांनी जावयाला गाडी काढायला लावली आणि दिवसभराचा प्रवास करून अध्यक्षांचं गाव गाठलं. भेट झाली नाही. त्यांनी ती मागितलीही नव्हती. रस्त्यावरून लांबून घर पाहिलं, गावातल्या दुकानातून शेंगदाणे घेतले आणि परत फिरले. जावई अजून त्याबद्दल बोलत नाही. "साधं घर आहे," काका आम्हाला सांगत होते. "आपल्याकडच्या तलाठ्याचं याहून मोठं असतं." त्या शेंगदाण्यांची त्यांच्या बायकोनं, मालतीकाकूंनी, लसूण घालून चटणी केली आणि आमच्या मजल्यावर घरोघरी वाटली. चिनी आजींना फार आवडली.

इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी या विषयावर भाषणही केलं. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतल्या एका कॉन्डोचा हॉल, बँकांतली मंडळी, पैठण्या, मागे टेबलावर गरम बटाटेवडे. काका कोट घालून उभे राहिले आणि लोक हळूहळू वड्यांकडे सरकू लागले. शेवटी एका बँकेतल्या तरुणानं सौम्यपणे विचारलं, "पण काका, ते तर फेल्ड प्रेसिडेंट ना? दुसऱ्यांदा लोकांनी निवडूनच दिलं नाही."

काका अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे. चार वर्षं खुर्चीत होते, तिथे चुका केल्या, हरले. पण त्याला आता चाळीस वर्षं होत आली. हातोडी घेऊन लोकांची घरं बांधताहेत. चीफ कसा होता हे जहाजावर असताना कळत नाही हो. तो चार्ज कसा देतो त्यावरून कळतं. इंजिनरूममधून नव्या माणसाला फिरवायचं आणि सगळे दोष आपल्या तोंडानं सांगायचे. हा पंप गळतो, ही झडप अडकते. लपवायचं नाही. आणि मग शिडी उतरून जायचं, मागे वळून बघायचं नाही."

टाळ्या पडल्या, पण वडे संपत आले होते. परतताना टॅक्सीत काकू म्हणाल्या, "मला आवडलं तुमचं." तेवढं काकांना पुरलं.

काकूंचं विसरणं त्यानंतर सुरू झालं. आधी किल्ल्या सापडेनात, मग खालच्या हॉकर सेंटरहून, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांपासून, परतीची वाट सापडेना, मग वर्षं सापडेनात. सगळ्यात शेवटी त्यांना चीफकाका सापडेनासे झाले. निवृत्ती, सिंगापूर, हे घर, सगळं पुसलं गेलं, आणि त्या पुन्हा पस्तिशीच्या झाल्या. नवरा जहाजावर, मुलगी शाळेत, आणि आपण वाट बघतोय. घरात वावरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यांनी आपलं एक स्थान देऊन टाकलं. हे कंपनीच्या ऑफिसातले गृहस्थ, खाडेसाहेबांचा निरोप घेऊन येतात. त्यांना त्या भाऊसाहेब म्हणू लागल्या.

बायकोनं आपल्याला भाऊसाहेब म्हणावं यावर कोणी काय करेल? काकांनी पहिले दोन दिवस समजावून पाहिलं, लग्नाचा फोटो दाखवला. काकू फोटो बघून म्हणाल्या, "हो, हे आमचे. तुम्ही ओळखता त्यांना?" आणि इतक्या आशेनं बघत राहिल्या, की काका म्हणाले, "ओळखतो तर. चांगला माणूस आहे. त्यांचं जहाज काल ब्राझीलच्या सांतोसहून सुटलं."

तिथून ते जहाज चालू झालं. दुपारी जेवणं झाली की काका बाहेर जायचा शर्ट घालत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि काकूंना बातमी देत. आमच्या खिडक्यांतून समुद्राची एक पट्टी दिसते. उन्हात ती पांढुरकी होते, मग पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही. काकू तिकडे बघत चहा ढवळत आणि भाऊसाहेबांना विचारत, "आज कुठवर आलं?"

गंमत अशी, की काकांना धड खोटं बोलताही येईना. जन्मभराचा इंजिनियर. त्यांचं काल्पनिक जहाजसुद्धा बारा नॉटच्या वर पळायचं नाही. सांतोसहून डर्बनला जितके दिवस लागतात तितकेच लागायचे. वादळ आलं तर त्या मोसमात तिथे वादळ येतं का, हे आधी बघायचे. सिंगापूर जवळ यायला लागलं की त्यांची तारांबळ. मग माल दुसरीकडे वळवायचा, पिस्टन बदलायचा, जहाज कुठल्यातरी गोदीत महिनाभर टेकवायचं. "सुनीता, या जहाजाइतका गलथान चीफ मी पाहिला नाही," ते एकदा म्हणाले. "सारखा ब्रेकडाउन."

त्या घरात दुपारी गेलं की मलाही ते जहाज खरं वाटू लागे. नोव्हेना भागात एका डॉक्टरांच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघते. संध्याकाळी एमआरटीतून, इथल्या मेट्रोतून, परतताना कितीदा तरी डोळा लागता लागता मनात यायचं, आता ते मादागास्करच्या खाली असेल, तिकडे अजून ऊन असेल. मग पासिर रिस यायचं आणि मी दचकून उठायचे.

एकदा मात्र माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. काकू आत झोपल्या होत्या. मी म्हटलं, "काका, तुमच्या अध्यक्षांनी तर लोकांना शब्द दिला होता ना, कधी खोटं बोलणार नाही म्हणून? आणि तुम्ही रोज?"

"हो," ते म्हणाले. "तेवढं मला पेललं नाही."

त्यांच्याबद्दल मला जी माया वाटली ती त्या क्षणापासून.

अध्यक्ष वारले त्या आठवड्यात काकांनी गोड खाल्लं नाही. पण त्यांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. "हॉस्पिटलला पुरे म्हणून सांगितलं आणि घरी गेले. लोकांना वाटलं, चार दिवसांचे सोबती. पण आपल्या घरी, आपल्या पलंगावर गडी टिकला," ते पुन्हा पुन्हा सांगत. ते असं का सांगत होते हे मला काही महिन्यांनी कळलं, त्यांच्याच पोटातलं दुखणं बाहेर आलं तेव्हा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आणखी उपचार केले तर थोडा काळ मिळेल, पण तो बहुतेक हॉस्पिटलातच जाईल. त्यांना नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं आणि मुग्धा अमेरिकेहून धावत आली.

मुग्धा वडिलांवर गेलेली, सरळसोट. जहाजाचा प्रकार तिला फोनवर कळला होता आणि मुळीच पटला नव्हता. पहिल्याच दुपारी आईनं विचारलं, "भाऊसाहेब आले नाहीत आज?" तर हिनं तिचे हात धरून सगळं सांगून टाकलं. भाऊसाहेब म्हणजेच बाबा आहेत. जहाजावरची नोकरी कधीच सुटली. बाबा आजारी आहेत.

काकूंना त्यातलं शेवटचं तेवढं कळलं. परमुलखात, जहाजावर, आजारी. त्या उठल्या आणि पिशवी भरू लागल्या. रडत रडत साड्या घडी करायच्या, पुन्हा उलगडायच्या. थोड्या वेळानं का रडतोय ते विसरत, मुग्धाला विचारत आणि ते ऐकून पुन्हा नव्यानं रडत. मी पोचले तेव्हा मुग्धा भिंतीला टेकून खाली बसली होती. शेवटी तिला सहन होईना. ती आईजवळ गेली आणि म्हणाली, "आई, बाबा बरे आहेत. जहाज पोर्ट क्लांगला आलंय."

काकू थांबल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "अगं बाई. मग डोक्याला तेल लावून दे मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. मुग्धानं सगळं सांगितलं. काका उशीवर डोकं ठेवून ऐकत होते. पोर्ट क्लांग म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"क्लांग?"

"मला आठवलं ते नाव मी सांगितलं, बाबा."

"अगं, क्लांगहून इथे यायला काय लागतं? संध्याकाळी निघालं तर सकाळी दारात." त्यांना हसू फुटलं आणि हसताना दुखलं.

"मग थांबवा ना. तुम्ही इतकी वर्षं थांबवलंत. मला शिकवा, मी पुढे सांगत जाईन."

सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते आणि काका तिकडे बघत होते. त्यांनी मनात काय काय ताडून पाहिलं असेल ते मला आता समजतं. ते इथेच राहिले, तर मुलीच्या अंगावर एक कधीच न लागणारं जहाज पडणार होतं, काकू असेतो. जहाज लागलं म्हणून ते घरी गेले आणि काकूंनी दार उघडून 'या भाऊसाहेब' म्हटलं, तर निरोप आणणाऱ्याकडे निरोपच उरणार नव्हता, आणि काकूंकडे वाट बघायलाही काही उरणार नव्हतं.

"खोट्याचा चार्ज देता येत नाही, मुग्धा," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टरांना बोलव. मला घरी जायचंय."

"बाबा, तिनं नाही ओळखलं तर?"

"नाही ओळखलं तर तसं. पण जहाज लागू दे आता."

मुग्धा खूप भांडली. उपचार, दिवस, महिने, सगळं मोजून झालं. मग ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टरांनी दोन दिवस मागून घेतले. घरी मी काकूंना सांगितलं, क्लांगला माल उतरवताहेत. तेवढं खपलं.

त्यांना घरी आणलं त्या दुपारी मी रजा घेतली होती. दुसऱ्या दिवशी मला पुण्याला जायचं होतं, आणि मी तिकडे असतानाच ते गेले. म्हणून मला त्यांचं जे शेवटचं दिसलं तेवढंच सांगते.

टॅक्सी ब्लॉकखाली थांबली, तर काकांना आधी हॉकर सेंटरला जायचं होतं. "बोटीवरून कोणी रिकाम्या हातानं घरी येतं का?" मुग्धानं त्यांची व्हीलचेअर ढकलत नेली आणि त्यांनी बिस्किटांचा एक मोठा डबा घेतला, लाल रंगाचा. लिफ्टपर्यंत ते खुर्चीत होते. आमच्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा म्हणाले, "आता चालतो." मुग्धानं एक दंड धरला. मी त्यांची बॅग घेऊन लिफ्टपाशीच थांबले. तो लांबलचक पॅसेज उन्हानं भरला होता आणि ते इतके सावकाश चालत होते, की मला ते चालताहेत की नुसतेच उन्हात तरंगताहेत ते कळेना.

दाराशी त्यांनी मुग्धाचा हात सोडवला. शर्टाची कॉलर नीट केली. बेल वाजवली.

चिनी आजी काकूंच्या सोबतीला बसल्या होत्या, पण दार काकूंनीच उघडलं. तेल लावून चापून वेणी घातलेली, कपाळाला कुंकू. बाहेरची लोखंडी जाळी अजून बंदच होती. जाळीतून त्या बघत राहिल्या. काकांनी काहीच सुचवलं नाही, नाव सांगितलं नाही, डबासुद्धा पुढे केला नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

"किती वाळलात हो," काकू म्हणाल्या. त्यांनी जाळीची कडी काढली. "या खेपेला फार लांबलं."

"लांबलं खरं," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या हातातला डबा घेतला, खाली ठेवला, आणि त्यांच्या शर्टाची बाही चिमटीत धरली.

"रजा किती आहे?"

मुग्धानं घाईनं तोंड उघडलं. काकांनी तिच्याकडे न बघताच हात किंचित वर करून तिला थांबवलं.

"थोडी आहे, मालू. या वेळी थोडीच आहे."

काकूंनी मान हलवली. जन्मभर असल्याच रजा मोजत आलेली बाई ती.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आत या आधी."